आपला माणूस की कामाचा माणूस?

या वेळी एकच पत्र घेतो. पत्र लांब आहे, त्याचा मुख्य भाग असा:

"काका, सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. बेळगावात इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली आणि दीड वर्षापूर्वी घरी परत आलो. फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मलरमधल्या (वाळू मळणाऱ्या यंत्रातल्या) वाळूचा ओलावा सतत मोजून मोबाईलवर दाखवणारं यंत्र मी तयार केलंय. उद्यमबाग आणि मच्छेतल्या चार फाउंड्रींत दाखवलं. सगळ्यांना आवडलं, सगळ्यांनी चहा पाजला, पण विकत कुणी घेतलं नाही. एक मालक म्हणाले, 'रिजेक्शन (खराब निघून टाकून द्यावा लागणारा माल) किती कमी झालं ते दाखव, मग बोलू.'

आता एकट्याने जमत नाही असं वाटतंय. को-फाउंडर म्हणून दोन माणसं डोळ्यांसमोर आहेत. एक माझा बालमित्र. एकाच गल्लीत वाढलो, एकाच गणपती मंडळात आहोत. तो एका पतसंस्थेत वसुली बघतो, बोलण्यात पटाईत आहे आणि उद्यापासून यायला तयार आहे. त्याला अर्धी भागीदारी हवी. दुसऱ्या आहेत गोकाकच्या एक बाई. त्या कन्नड बोलणाऱ्या आहेत, मराठी चांगलं येतं, इथल्याच एका फाउंड्रीत सात वर्षं क्वालिटीला आहेत. यंत्रांच्या प्रदर्शनात ओळख झाली. माझं यंत्र बघून पहिलं वाक्य बोलल्या ते, 'प्रोब (ओलावा मोजणारी कांडी) चुकीच्या जागी बसवलाय, तिथे वाळू चिकटून बसणार.' मला राग आला होता. दोन दिवसांनी प्रोब हलवला, तर रीडिंग स्थिर झालं. त्या म्हणतात, सहा महिने तरी नोकरी सोडणार नाही, आणि आधी हिशेब दाखवा. घरचे म्हणतात, आपला माणूस सोडून परक्याला कशाला घेतोस? शिवाय मामा १० लाख द्यायला तयार आहेत, पण त्यांना निम्मी कंपनी हवी. काय करू?"

अरे, तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू मधेच कुठेतरी टाकून दिलंयस. राग आला, आणि दोन दिवसांनी प्रोब हलवला. ते वाक्य मी तीन वेळा वाचलं. तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच आहे. पण त्याआधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मी असं का म्हणतो ते कळेल.

१९९३ साली मी आणि माझ्या शाळेतल्या मित्राने उद्यमबागेत भाड्याच्या शेडमध्ये जॉबवर्क सुरू केलं. एक जुनं लेथ, एक ड्रिलिंग मशीन, दोघांचं मिळून ६०,००० रुपये भांडवल. भागीदारीचा करार टायपिस्टने दुसऱ्या कुणाच्या तरी करारावरून उतरवून दिला. निम्मं तुझं, निम्मं माझं, एवढंच त्यात होतं. खात्यातून पैसे कुणी, कधी, किती काढायचे याबद्दल एक अक्षर नव्हतं. आम्हाला ते लिहिणं कमीपणाचं वाटलं. एका ताटात जेवलेली माणसं आम्ही, लिहून काय घ्यायचं?

दुसऱ्या वर्षी त्याच्या बहिणीचं लग्न निघालं. महिनाअखेरीला पासबुक भरून आणलं तेव्हा २२,००० काढल्याची ओळ दिसली. त्याने मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं नाही. पेन्सिलीने त्या ओळीपुढे एक बारीक टिंब केलं आणि पासबुक ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. तो काही चोर नव्हता, लग्नाच्या धावपळीत सांगायचं राहून गेलं असेल. पण त्या दिवसापासून मी मनातल्या मनात हिशेब मांडायला लागलो. कोण किती वाजता येतो, कोण गिऱ्हाइकाला चहाला घेऊन जातो, कोण दुपारी घरी जातो.

चार वर्षांनी माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं. मी खात्यातून ३५,००० काढले. तो म्हणाला, "मला विचारायचं तरी होतंस." मी उठलो, ड्रॉवर उघडला, जुनं पासबुक काढलं आणि ते टिंब त्याला दाखवलं. तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चार वर्षं तू हे जपून ठेवलंस?"

त्यानंतर सहा महिन्यांत भागीदारी मोडली. लेथ मी ठेवलं, ड्रिलिंग मशीन आणि दोन चांगली गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. पैशांचं नुकसान दोन-तीन वर्षांत भरून निघालं. त्याच्या घरी दिवाळीला जाणं बंद झालं ते मात्र कायमचं. आम्ही दोघेही प्रामाणिक होतो, दोघेही कष्टाळू होतो, आणि एकमेकांना वीस वर्षं ओळखत होतो. एवढं सगळं असूनही भागीदारी टिकली नाही, कारण न आवडणारी गोष्ट आम्हाला त्याच दिवशी तोंडावर बोलता येत नव्हती. दोष माझा जास्त होता. २२,०००ची ओळ दिसली त्याच संध्याकाळी मी "काय रे, हे काय?" एवढं विचारायला हवं होतं.

म्हणून भागीदाराबद्दल कुणी विचारलं की मी आधी एवढंच बघतो: हा माणूस चूक बघून त्याच दिवशी बोलतो का, आणि ते ऐकून तुम्ही दोन दिवसांत प्रोब हलवता का? गोकाकच्या बाईंनी पहिल्याच भेटीत हे केलं. तू रागावलास खरा, पण हललास. असा प्रसंग तुझ्या आणि बालमित्राच्या मध्ये कधी घडलाय का, ते आठवून बघ. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब जुळला नाही तेव्हा तो काय बोलला? तू काय बोललास? आठवत नसेल तर तो वाईट आहे असं नाही. तुमच्या मैत्रीची अजून त्या बाजूने परीक्षाच झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुझ्या धंद्याला आज नेमकं काय कमी पडतंय ते बघू. तुला वाटतंय की बोलणारा माणूस हवा. मला तसं वाटत नाही. चार मालकांनी तुला आत घेतलं, ऐकून घेतलं, चहा पाजला. बोलण्यात तू कमी पडलेला नाहीस. त्यातल्या एकाने तर काय हवं तेही सांगितलं: रिजेक्शन किती कमी झालं ते दाखव. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, ओलावा साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास ठेवावा लागतो. जास्त झाला की वाफ धरून कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, ब्लोहोल (पोकळ्या) येतात, कमी झाला की साचा ठिसूळ होतो आणि वाळू धुपून धातूत जाते. हे तुला वाचून माहीत आहे. पण टाकून दिलेल्या कास्टिंगच्या ढिगासमोर उभं राहून, हा ब्लोहोल ओलाव्याचा, हा कोळशाच्या भुकटीचा आणि हा फर्नेसवरच्या घाईचा, असं बोट ठेवून सांगणारं माणूस तुझ्याकडे नाही. ते आल्याशिवाय तुझं यंत्र ओलावा दाखवेल, पण रिजेक्शन त्याच्यामुळे कमी झालं हे मालकाला कुणी पटवून देणार नाही. सात वर्षं क्वालिटीला असलेली बाई ते करू शकते.

मित्राचं वसुलीचं कसब खरं आहे आणि आपल्याकडे त्याची किंमत फार मोठी आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं असा २००६चा कायदा आहे, तरी आमच्या पट्ट्यात तीन-तीन महिने हेलपाटे घालणारे लघुउद्योजक मी रोज बघतो. पण वसुलीला आधी बिल लागतं. तुझं पहिलं बिल अजून फाटलेलं नाही. जे काम दीड-दोन वर्षांनी निघणार आहे त्यासाठी आज निम्मी कंपनी लिहून देऊ नकोस. दहा-बारा गिऱ्हाइकं झाली की त्याला पगार आणि वसुलीवर कमिशन देऊन बोलव. जमलं तर पुढे हिस्साही दे. त्यात त्याचा अपमान नाही.

"परकी" या शब्दाबद्दल थोडं बोलतो, कारण घरात तोच शब्द फिरतोय. आपल्या या सीमाभागात भाषेची जखम जुनी आहे. १९५६ची राज्य पुनर्रचना झाली तेव्हा आमच्या वडिलांनी काय सोसलं ते मी घरात ऐकत वाढलो. ते कमी लेखायचं माझ्या मनातही नाही. पण तू ज्या शेडमध्ये यंत्र लावणार आहेस तिथे उभा राहून बघ. मालक मराठीत बोलतो, सुपरवायझर दोन्ही भाषा मिसळून, आणि वाळूवर काम करणारा गडी तिला उसुकु म्हणतो. यंत्रावरचा आकडा बघून पाणी कमी-जास्त करणारा हात त्या गड्याचाच. त्याला विश्वास वाटला नाही तर तो तुझा डिस्प्ले पुसून ठेवेल आणि वर्षानुवर्षं करत आलाय तसं मुठीत वाळू दाबून बघेल. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारी, वाळूत हात घातलेली भागीदार मिळत असेल तर ती तुझ्या यंत्राची अर्धी बाजू आहे. शिवाय धंदा वाढला तर हुबळीच्या बाजूला जावं लागेल, सरकारी कागद कन्नडमध्ये येतील. ते वाचून समजावणारं माणूस घरचंच असलेलं बरं. आईला हे असंच सांग. आणि बाईंना एकदा घरी जेवायला बोलव, त्यांच्या घरच्यांसकट. तूही गोकाकला जाऊन त्यांच्या घरी बसून ये. बाईमाणूस भागीदार म्हटल्यावर लोक बोलतात. दोन्ही घरांची ओळख असली की त्या बोलण्याला जागा उरत नाही.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण देतो. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईला शिकवायचे, तिथून सायकली घेऊन पाठवायचे, आणि इथे दुकान बघायचे ते थोरले रामूअण्णा. पुढे लक्ष्मणराव बेळगावला परत आले, यंत्रांत रमले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. १९१०मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली आणि औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथेही कारखान्याचं डोकं लक्ष्मणरावांचं, आणि त्या उजाड माळावर घरं, पाणी, रस्ते, माणसांची सोय बघणारे रामूअण्णा. लोक हे उदाहरण "सख्खे भाऊ होते म्हणून टिकलं" यासाठी देतात. सख्खे भाऊ तर कोर्टात रोज दिसतात. मला त्यात वेगळं दिसतं. एकाला जे येत नव्हतं ते दुसऱ्याने मन लावून केलं, आणि दुसऱ्याच्या कामात पहिल्याने हात घातला नाही.

आता काय करायचं ते सांगतो. बाईंना लगेच को-फाउंडर करू नकोस. आधी एक महिना एकत्र काम करा, एकाच फाउंड्रीत, पैसे घेऊन. ज्या मालकाने रिजेक्शनचा आकडा मागितला त्यांच्याकडेच जा. त्यांना म्हण, महिनाभर यंत्र लावतो, ५,००० रुपये द्या, फरक पडला नाही तर यंत्र काढून नेतो. फुकट लावू नकोस. फुकटच्या यंत्राकडे कुणी बघत नाही आणि पैसे मागताना तुम्हा दोघांपैकी कुणाची जीभ अडखळते तेही कळत नाही. यंत्र लावण्याआधीच्या महिन्याचं रिजेक्शन त्यांच्या रजिस्टरमधून उतरवून घ्या, खाली मालकाची सही घ्या. नंतर वाद नको.

एक खबरदारी मात्र आधी घ्या. बाई नोकरीत आहेत. त्यांच्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते दोघांनी बसून वाचा. त्यांच्या कंपनीत हे यंत्र लावू नका, तिथला एकही आकडा, एकही कागद वापरू नका, आणि जमत असेल तर त्यांनी साहेबांना स्वतःच सांगावं. सात वर्षांची नोकरी चोरून केलेल्या कामावरून गेली तर त्या घराचा शाप तुला लागेल. आणि त्या सहा महिने नोकरी सोडत नाहीत म्हणून मन खट्टू करू नकोस. ज्या घरात महिन्याचा पगार मोजून येतो तिथे असाच विचार करावा लागतो. उद्यापासून येतो म्हणणाऱ्यापेक्षा, घर किती महिने चालेल हे मोजून येणारं माणूस जास्त दिवस टिकतं, असा माझा अनुभव आहे.

त्या महिन्यात रीडिंग एकदा तरी चुकेल, यंत्र एकदा तरी बंद पडेल. त्या दिवशी नीट लक्ष दे. बाई मालकाला काय सांगतात? तुझ्यावर ढकलतात, लपवतात, की "आज यंत्र बंद होतं, आजचा आकडा धरू नका" असं सरळ सांगतात? तुझी चूक त्या तुला बाजूला घेऊन सांगतात की सगळ्या कामगारांसमोर? आणि तू? त्या वेळी तुझा चेहरा कसा होतो हे त्याही बघत असतील. हा महिना त्यांनीही तुला पारखायचा आहे.

महिनाअखेरीला पटलं तर पैशाचं बोला, आणि सगळं बोला. तुमच्या डोक्यावर कर्ज किती, घरखर्च किती, पगाराशिवाय किती महिने निघतील? एकाला सोडून जावंसं वाटलं तर काय? पुण्या-बेंगळुरूच्या कुणी कंपनी विकत मागितली तर विकायची का? यंत्राबद्दल शेवटचा शब्द कुणाचा, गिऱ्हाइकाबद्दल कुणाचा? खात्यातून किती रकमेच्या वर दोघांच्या सह्या लागतील? हे शेवटचं माझ्यासाठी म्हणून विसरू नकोस.

हिस्सा किती? तू दीड वर्ष एकट्याने घातलंस, म्हणून तुझे ६० आणि त्यांचे ४० मला रास्त वाटतात. त्याहून फार कमी देऊ पाहशील तर ती भागीदारी राहणार नाही, नोकरी होईल. पण हा हिस्सा पहिल्या दिवशी सगळा हातात द्यायचा नाही. चार वर्षांत थोडाथोडा पक्का होईल असं लिहायचं, आणि पहिलं वर्ष पुरं झाल्याशिवाय काहीच पक्कं नाही. म्हणजे ४० टक्के ४८ महिन्यांत. दहाव्या महिन्यात सोडलं तर शून्य, अठराव्या महिन्यात सोडलं तर १५ टक्के. हाच नियम तुझ्या हिश्शालाही लाव. स्वतःला वगळलंस तर त्यांचा विश्वास कशावर बसेल?

कागद कोणता करायचा ते सीएकडे बसून ठरव, पण एवढं जाणून जा. साधी भागीदारी १९३२च्या कायद्याने चालते. करारात नफ्याची वाटणी लिहिली नसेल तर कायदा ती समान धरतो, कुणी कितीही राबलेलं असो. फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो, म्हणजे भागीदाराने केलेल्या उधारीसाठी तुझ्या खानापूरच्या घरापर्यंत कुणी येऊ शकतो. आणि फर्म नोंदवलेली नसेल तर बिल बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मच्या नावाने दावा लावता येत नाही. आमची फर्म नोंदवलेली नव्हती, त्यामुळे एका गिऱ्हाइकाचे पैसे आम्ही सोडून दिले. तुझ्यासारख्याने, जिथे हिस्सा हळूहळू पक्का करायचाय आणि पुढेमागे गुंतवणूकदार येऊ शकतो, प्रायव्हेट लिमिटेड करावी असं माझं मत आहे. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, तीही चालते, खर्च थोडा कमी.

मामांचं थोडक्यात. १० लाखांना निम्मी कंपनी दिलीस तर भागीदाराला द्यायला उरलं काय? आणि शेड कुठे घ्यायचं ते मामी ठरवतील. पैसे हवेच असतील तर कर्ज म्हणून घे, व्याज आणि परतफेडीची तारीख लिहून, स्टँप पेपरवर. मामांना ते आवडणार नाही. तरी तसंच घे, किंवा घेऊ नकोस. कर्नाटक सरकारची एलिव्हेट योजना नव्या उद्योगांना अनुदान देते, तिची चौकशी कर. हुबळीला देशपांडे फाउंडेशनचं स्टार्टअप केंद्र आहे, तिथेही एक चक्कर मार. पैसे नाही मिळाले तरी तुझ्यासारखी चार माणसं भेटतील.

आणि बाईंशी महिनाभरात नाही जमलं, तर एकटा राहा. दुसरा भागीदार घाईने शोधू नकोस. त्या मालकाचा आकडा तुझ्याकडे असेल, तेवढ्यावर आणखी एक वर्ष निघतं.

राहिला तुझा मित्र. त्याला हे दुसऱ्याकडून कळता कामा नये. फोनवर सांगू नकोस, मेसेज तर मुळीच नको, आणि मंडळाच्या चार पोरांत बसून नको. त्याच्या घरी जा, एकटा. तो "काय करूलास?" विचारेल. जे ठरवलंयस ते सगळं सांग: बाईंबरोबर महिनाभर काम करणार आहेस, का करणार आहेस, आणि बिलं सुरू झाली की त्याच्याकडे येणार आहेस ते. त्याला वाईट वाटेल. वाटू दे, त्याला बोलू दे, आणि उठून येऊ नकोस. मी त्या दिवशी पासबुक ड्रॉवरमध्ये ठेवलं, तसं तू करू नकोस. गणपतीच्या वर्गणीचं काम सुरू व्हायच्या आत जा. एकदा ते सुरू झालं की त्याला निवांत बसून बोलायला वेळ मिळणार नाही.